टास्कबार विकत घ्यावा की भाड्याने?

विंडोजचा डेस्कटॉप सजवणाऱ्या प्रोग्रामला दरवर्षी पैसे का मोजायचे, हा वाद परत निघालाय. माझं मत: सुटं लायसन्सच घ्या, म्हणजे एकदाच पैसे भरून, पण 'लाइफटाइम' या शब्दावर भाळून नको. लाइफ त्या आवृत्तीचं असतं, तुमचं नव्हे.

जुना फोटो एडिटर वर्षानुवर्षं तसाच चालतो, कारण तो आपल्या खिडकीत बसून आपलं काम करतो. टास्कबार किंवा स्टार्ट मेनू बदलणारा प्रोग्राम मात्र थेट एक्सप्लोररच्या (टास्कबार दाखवणारा विंडोजचाच प्रोग्राम) प्रोसेसमध्ये आपली डीएलएल, म्हणजे कोडची फाइल, घुसवतो आणि मायक्रोसॉफ्टने कुठेही जाहीर न केलेल्या फंक्शनना हात घालतो. ती फंक्शनं अपडेटमध्ये बदलली की खेळ खलास. 2024 मध्ये विंडोज 11 च्या 24एच2 चाचणी आवृत्त्यांनी तर स्टार्टऑलबॅक आणि एक्सप्लोररपॅचर या टास्कबार बदलणाऱ्या प्रोग्रामना चक्क अडवलं होतं. अशा वेळी तुम्ही एकरकमी भरलंय की दरमहा, याला काही अर्थ नसतो. दुरुस्ती किती दिवसांत येते आणि ती तुमच्या लायसन्समध्ये बसते का, एवढंच बघायचं.

डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान वगैरे दाखवणाऱ्या रेनमीटरचं तसं नाही. तो स्वतःच्या खिडक्या काढतो, त्याच्या स्किन (दिसणं ठरवणारे साचे) म्हणजे साध्या टेक्स्ट फाइली. अपडेटने तो सहसा मोडत नाही. (आणि मुळात फुकट आहे.) या जातीच्या प्रोग्रामला कुणी वर्गणी मागितली तर सरळ नाही म्हणा.

हिशेब सोपा आहे. सुट्या लायसन्सची किंमत भागिले वर्षाची वर्गणी. उत्तर दोनच्या आत आलं तर डोळे मिटून विकत घ्या. चारच्या वर गेलं तर थांबा. तेवढ्या काळात विंडोजमध्ये मोठी उलथापालथ होऊन पुन्हा अपग्रेडचे पैसे भरावे लागण्याची शक्यता बरीच. एकाच कंपनीच्या अशा प्रोग्रामच्या पूर्ण संचाची वर्गणी फक्त त्यातले तीन-चार प्रोग्राम रोज वापरणाऱ्यांना परवडते.

वर्गणी संपली की प्रोग्राम बंद पडतो की नुसते अपडेट थांबतात, हे आधी वाचा. प्रोग्रामरांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीची पद्धत मला पटते: सलग 12 महिने पैसे भरले की त्या 12 महिन्यांच्या सुरुवातीची आवृत्ती कायमची तुमची.

विकत घेतलंत तर इन्स्टॉलरची फाइल आणि लायसन्स-की वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. फॉरमॅट करण्याआधी लायसन्स डीॲक्टिव्हेट करा, नाहीतर त्याच मशीनवर लायसन्समधली दुसरी जागा खर्ची पडते आणि सपोर्टला मेल लिहीत बसावं लागतं.

विंडोजचं मोठं अपडेट आलं की ते थांबवून ठेवा, 5 आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. तरीही ते शिरलं आणि टास्कबार सारखा लुकलुकायला लागला, तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'रन न्यू टास्क'मध्ये ब्राउज करून त्या प्रोग्रामच्या फोल्डरमधला अनइन्स्टॉलर चालवा, मग तिथूनच एक्सप्लोरर पुन्हा सुरू करा. आधीच्या विंडोजवर परतायचं असेल तर मुदत 10 दिवसांची असते.