एमजीबीत एलएस व्ही-एट: आकडे खरे आहेत, पण एकाच इंजिनाचे नाहीत

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या शौकिनांत एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. तो आहे एमजीबी या जुन्या, छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडरचं इंजिन, बसवण्याबद्दल. त्याचा सारांश असा: ‘जनरल मोटर्सचं एलएस व्ही-एट अॅल्युमिनियमचं आहे, म्हणून एमजीबीच्या मूळ बिडाच्या इंजिनापेक्षा हलकं. भंगारातल्या ट्रकमधून स्वस्तात मिळतं, 350 हॉर्सपॉवर देतं. कंपनीनेच एमजीबीत व्ही-एट बसवलं होतं, तेव्हा जागेचा प्रश्न नाही. मूळ ब्रेक आणि अॅक्सल चालतात. दोन सुट्ट्यांचं काम. कागदोपत्री काही फरक पडत नाही.’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या तरी इंजिनाबद्दल खरं आहे. फक्त ते इंजिन दर वाक्यात बदलतं.

‘मूळ इंजिनापेक्षा हलकं’

हे खरं आहे रोव्हर व्ही-एटबद्दल. 3528 सीसीचं ते अॅल्युमिनियम इंजिन मुळात ब्युइकचं. रोव्हरने त्याचे हक्क घेतले आणि 1973 ते 1976 मध्ये तेच एमजीबी जीटी व्ही-एटमध्ये बसलं. एमजीबीच्या 1798 सीसी बिडाच्या इंजिनाचं वजन 160 किलोच्या आसपास, रोव्हरचं त्याहून थोडं कमीच. ‘हलकं व्ही-एट’ ही ख्याती तिथली.

एलएस वेगळं इंजिन आहे. कॉर्वेटमधलं अॅल्युमिनियमचं एलएस-वन सगळ्या जोडकामासकट 200 किलोच्या घरात जातं, म्हणजे नाकावर 40 किलो जास्त. आणि भंगारातल्या ट्रकमधून स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा 5.3 लिटरचं एलएम-सेव्हन असतं. त्याचे हेड अॅल्युमिनियमचे, पण ब्लॉक बिडाचा, त्यामुळे आणखी 40 किलोच्या आसपास भर. हे 80 किलो किती, ते कळायला एमजीसी आठवावी. 1967 ते 1969 मधल्या त्या गाडीत सहा सिलिंडरचं 2912 सीसी इंजिन होतं, एमजीबीच्या इंजिनापेक्षा 95 किलो जड. वळणावर नाक बाहेर ओढलं जातं, ही तिच्याबद्दलची तक्रार आजही पुसली गेलेली नाही.

एलएसच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. ते लांबीला आखूड आहे. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) चिकटवून मागे बसवलं तर बरंचसं वजन पुढच्या चाकांच्या रेषेमागे येतं आणि अॅल्युमिनियम ब्लॉक असेल तर गाडीचा तोल राखता येतो. पण मग ते स्वस्त इंजिन राहत नाही.

‘350 हॉर्सपॉवर, तेही भंगाराच्या भावात’

345 हॉर्सपॉवर होते 1997 च्या कॉर्वेटमधल्या एलएस-वनचे. ट्रकचं एलएम-सेव्हन सालाप्रमाणे 270 ते 295 देतं. एक किलोमीटर धावण्याआधीच कमी झालेले हे हॉर्सपॉवर सोडून देऊ, कारण एमजीबीला 270 सुद्धा भरपूर आहेत. खरा खर्च पुढे येतो. ट्रकचा इनटेक मॅनिफोल्ड इतका उंच की बॉनेट बंद होत नाही, तो कारचा बुटका घ्यावा लागतो. ट्रकचं ऑइल चेंबर खोल असतं आणि क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या बीमवर) आदळतं, ते बदलावं लागतं. अल्टरनेटरचे ब्रॅकेट आतल्या विंगला (इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला) घासतात, तेही बदलायचे. म्हणजे इंजिन स्वस्त पडलं, पण वरचं, खालचं आणि पुढचं सगळं नवीन.

‘कंपनीने बसवलं, म्हणजे जागा आहे’

कंपनीने जागा केली, ती आधीपासून नव्हती. आतल्या विंग आणि फायरवॉल बदलल्या, रेडिएटर पुढे सरकवला, एसयू कार्ब्युरेटर मागच्या बाजूला नेले, पुढे दोन इलेक्ट्रिक पंखे लावले. आणि ते फक्त बंद छपराच्या जीटीमध्ये. उघडी व्ही-एट रोडस्टर कंपनीने एमजीबीच्या हयातीत विकलीच नाही.

1974 च्या शेवटी आलेल्या रबर बंपरच्या बॉडीत व्ही-एटच्या विंग आहेत, त्यामुळे तिथे निम्मा त्रास वाचतो. क्रोम बंपरच्या जुन्या बॉडीत पत्रा कापावाच लागतो. शिवाय ती जागा रोव्हरच्या मापाची. एलएसमागचा सहा गिअरचा टी-56 गिअरबॉक्स मूळ टनेलमध्ये (गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या बोगद्यात) मावत नाही, टनेल कापून नवा करावा लागतो.

उजव्या हाताच्या स्टिअरिंगची आणखी एक अडचण आहे. अमेरिकन किट बनतात डाव्या स्टिअरिंगसाठी. एलएसचा स्टार्टर इंजिनाच्या उजव्या बाजूला असतो आणि आपल्याकडच्या किंवा इंग्लंडमधल्या गाडीत स्टिअरिंगचा शाफ्टही तिथूनच खाली येतो. त्यात एक्झॉस्टचे चार पाइप. म्हणून इंजिनाचं फाउंडेशन टॅक (तात्पुरतं वेल्ड) करण्याआधी मोकळा ब्लॉक, हेड, स्टार्टर आणि मॅनिफोल्ड एकत्र लावून बघायचे, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि पाइप व शाफ्ट यांच्यात किमान 20 मिलिमीटर सोडायचे. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन रबरावर कलतं, 5 मिलिमीटरची फट तेव्हा उरत नाही. पाइप आतल्या विंगमधून चाकाच्या बाजूला काढणं हा चांगला उपाय. 1990 च्या दशकातल्या एमजी आरव्ही-एटमध्ये तसंच केलं होतं. बॉनेटखालची उष्णताही त्याने कमी होते.

‘मूळ ब्रेक आणि अॅक्सल चालतात’

मूळ इंजिनाचा टॉर्क 149 न्यूटन-मीटर. पहिला गिअर 3.44 धरला तर प्रॉपेलर शाफ्टवर सुमारे 513 येतो. एलएस-वनचा 475, टी-56 चा पहिला गिअर 2.66, म्हणजे 1263. जवळजवळ अडीच पट. तरी ‘माझा अॅक्सल दोन वर्षं टिकला’ असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या गाडीला 165 चे अरुंद टायर असतात. टायर घसरतो तोवर अॅक्सल वाचतो. मग घसरण्याला कंटाळून रुंद, चिकट टायर घातले जातात आणि अॅक्सलच्या आतला हाफ-शाफ्ट किंवा क्राउन-पिनियनची गिअरजोडी जाते.

त्याआधी मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) तक्रार करतात. जोरात निघताना पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, सुटतो, परत वाकतो, आणि मागून हातोडा मारल्यासारखे ठोके ऐकू येतात. त्यावर पाटा वाकू न देणारे ट्रॅक्शन बार लागतात. शक्य तर अमेरिकन मजबूत अॅक्सल रुंदी कमी करून बसवावा. अॅक्सलचा गिअर रेशो मूळचा 3.9 ठेवू नये, कंपनीने स्वतःच्या व्ही-एटला 3.07 दिला होता. नवा अॅक्सल वेल्ड करताना पिनियनचा कोन गिअरबॉक्सच्या शाफ्टशी समांतर ठेवायचा, आणि तो गाडी चाकांवर उभी असताना मोजायचा. जॅकवर मोजलेला कोन फसवतो, मग 80 च्या वेगाला धडधड सुरू होते आणि दोष चाकांच्या बॅलन्सिंगवर ढकलला जातो.

ब्रेकचं गणित सोपं आहे. मूळ गाडी ताशी 165 किलोमीटरपर्यंत जायची. 200 वरून थांबवायला त्याच वजनाला दीडपट ऊर्जा जिरवावी लागते. पुढे 273 मिलिमीटरच्या सपाट डिस्क, मागे 254 चे ड्रम. एकदा थांबाल. घाटात तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल लांब जाईल. हवेशीर डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर इंजिनाच्या आधी बसले पाहिजेत.

‘दोन सुट्ट्यांचं काम’

दोन सुट्ट्यांत इंजिन फाउंडेशनवर बसतं. लोक तिथे फोटो काढतात. पुढचं काम फोटोत दिसत नाही.

पेट्रोल: मूळ एसयू पंप जेमतेम 0.2 बार दाब देतो, एलएसला 4 बार लागतो. टाकीला परतीची नळी नाही, आत आडपडदे नाहीत, त्यामुळे लांब वळणावर पंप हवा ओढतो. त्यावर उपाय: एक-दोन लिटरची छोटी सर्ज टाकी (पंपाला सतत पेट्रोल पुरवणारी मधली टाकी), इंजेक्शनसाठीचाच होज, आणि 1999 ते 2003 च्या कॉर्वेटचा रेग्युलेटर असलेला फिल्टर टाकीजवळ, म्हणजे परतीची नळी आखूड राहते.

वायरिंग: 1967 पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. ती जोडणी उलटवल्याशिवाय ईसीयू (इंजिनाचा संगणक) जोडला तर तो गेलाच. ट्रकच्या ईसीयूमधलं चोरीविरोधी लॉक सॉफ्टवेअरमधून बंद करावं लागतं, नाहीतर इंजिन क्षणभर चालून बंद पडतं आणि माणूस आठवडाभर पंप तपासत बसतो. ब्लॉकपासून बॉडीपर्यंत जाड अर्थिंगची पट्टी विसरू नका. इंजिन रबरावर आहे. पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती जाळतो.

पाणी: एलएसच्या हेडमधून वाफ काढणाऱ्या बारीक नळ्या येतात. जागा नाही म्हणून त्या बुजवल्या जातात. मग हेडच्या कोपऱ्यात हवा अडकते, हीटर अचानक थंड हवा सोडतो आणि तापमानाचा काटा उडी मारतो. नळी रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा त्याहून उंच एक्स्पान्शन टाकीत न्यायची.

उघड्या रोडस्टरमध्ये आणखी एक तपासणी. दाराच्या फटी मोजा, मग पुढच्या बाजूने जॅक लावून परत मोजा. वरची फट बदलत असेल तर आतले सिल (दाराखालचे पोकळ बीम) गंजलेले आहेत. तिथे व्ही-एट नव्हे, आधी वेल्डर लागेल. पत्रा कापण्याआधी दारांच्या चौकटीत तात्पुरता पाइप वेल्ड करून ठेवा.

‘कागदोपत्री काही फरक पडत नाही’

भारतात पडतो. 2021 च्या केंद्रीय नियमांत विंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, इंजिन, चॅसिस किंवा बॉडीत बदल केलेली नको. गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं मोटर वाहन कायद्याचं कलम 52 वेगळं आहेच. ब्रिटनमध्ये 40 वर्षांवरच्या गाडीला एमओटी या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीतून सूट मिळते, पण गेल्या 30 वर्षांत मोठा फेरबदल झाला असेल तर नाही, आणि सिलिंडरांची संख्या बदलली तर तो सहसा मोठा फेरबदलच मानला जातो. अपवाद असा की कंपनीने त्या मॉडेलला पर्याय म्हणून दिलेलं इंजिन चालतं. म्हणजे रोव्हर व्ही-एटला तिथे बाजू मांडता येते, एलएसला नाही.