तोंड वाकडं झालं की ‘थांबा, आपोआप बरं होतं’? प्रत्येकाचं नाही

थंडी पडली की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर एक संदेश हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. तोंड वाकडं झालं तर घाबरू नका, गार वारं लागलंय. तीन-चार महिने कळ काढा, आपोआप सरळ होतं. एमआरआय नॉर्मल आला म्हणजे आत काही नाही. रक्तवाहिन्यांची गाठ निघालीच तरी ती गोळीने विरते. ऑपरेशन मात्र करू नका, चेहरा कायमचा जातो. त्यापेक्षा चेहऱ्याला यंत्राने विजेचा करंट घ्या. पाठवणाऱ्याला धीरच द्यायचा असतो, हे मला कळतं. पण याच धीरापायी उशिरा आलेले चेहरे कान-नाक-घशाच्या ओपीडीत मी बघते, म्हणून हे लिहायला बसले.

वाऱ्याचं आधी उरकते. अचानक एका बाजूचा चेहरा लुळा पडतो त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. त्यात चेहऱ्याची नस, म्हणजे मेंदूतून निघणारी सातवी नस, कानाच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात सुजते आणि तिथेच आवळली जाते. यामागे बहुधा नसेत दडून बसलेला नागिणीच्या जातकुळीतला विषाणू असावा, असं मानलं जातं. पंखा किंवा एसी बंद करून ही सूज उतरत नाही. आणि कपाळाला आठ्या नीट पडतायत पण ओठ एका बाजूला ओढला गेलाय, हात जड झालाय, बोलणं अडखळतंय, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

‘आपोआप बरं होतं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण ते बरंचसं खरं आहे. कोपनहेगनमध्ये उपचार न घेतलेल्या १,७०१ बेल्स पाल्सी रुग्णांचा माग ठेवला गेला. त्यातले ७१ टक्के पूर्ण बरे झाले. पण त्याच नोंदीतली दुसरी गोष्ट संदेशात कधीच येत नाही. ८५ टक्के रुग्णांच्या चेहऱ्यात पहिल्या तीन आठवड्यांतच थोडी हालचाल परतली होती आणि उरलेल्यांची तीन ते पाच महिन्यांत. म्हणजे इतका काळ जाऊनही चेहरा तसूभर हलत नसेल, तर निदान पुन्हा तपासायला हवं. शिवाय पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू केलं तर फरक पडतो. स्कॉटलंडमधल्या २००७ च्या चाचणीत नऊ महिन्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलेले ९४ टक्के रुग्ण पूर्ण बरे होते, न घेतलेले ८२ टक्के. ‘थांबा’ म्हणणारा संदेश नेमके तेच तीन दिवस खातो.

बेल्स पाल्सी दोन-तीन दिवसांत पूर्ण चढते. पण काहींचं तसं नसतं. आधी डोळ्याखाली बारीक फडफड होते. मग चूळ भरताना ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागतं. दोन महिन्यांनी फोटोत हसू एकाच बाजूला दिसतं. पुढे आंघोळीत डोळ्यात साबण जायला लागतो, कारण पापणी मिटतच नाही. असा आठवड्या-महिन्यांनी सरकत वाढणारा, किंवा त्याच बाजूला पुन्हा पुन्हा येणारा लुळेपणा बेल्स पाल्सी धरून चालू नये. नसेवर काहीतरी दाब टाकत असू शकतं. ते कानशिलाजवळच्या लाळग्रंथीतलं असू शकतं, नसेच्या आवरणाचं असू शकतं आणि क्वचित रक्तवाहिन्यांचं. कानाच्या आत ही नस जिथे वळण घेते तिथे जेनिक्युलेट नावाचा नसपेशींचा नैसर्गिक पुंजका असतो आणि त्याच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. रक्तवाहिन्यांचा हा दोष, म्हणजे संदेशातली ‘रक्तवाहिन्यांची गाठ’, बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

आता एमआरआय. हा दोष बऱ्याचदा काही मिलिमीटरचाच असतो आणि आकाराच्या मानाने नसेचं नुकसान फार करतो. मेंदूच्या साध्या एमआरआयमधल्या जाड कापांमध्ये तो सहज निसटतो. बघायचाच असेल तर चेहऱ्याच्या नसेवर लक्ष ठेवून, डाय देऊन, बारीक कापांचा एमआरआय लागतो आणि सोबत कानाच्या हाडाचा हाय रिझोल्यूशन सीटी. सीटीत कधीकधी मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार झालेली हाडाची कड दिसते आणि निदान तिथेच हाती लागतं. त्यामुळे ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात आला की आधी विचारा, नेमकं काय बघितलं?

गोळीचा मुद्दा मुळात वेगळ्याच आजाराचा. २००८ मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं की तान्ह्या बाळांच्या लाल रक्तवाहिनी-गाठी, म्हणजे हिमॅन्जिओमा, प्रोप्रानोलोल या औषधाने आकसतात. चेहऱ्याच्या नसेवरच्या या दोषालाही कित्येक वर्षं हिमॅन्जिओमाच म्हणायचे, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. बाळाच्या गाठीत पेशी भराभर वाढतात आणि पुढे आपसूक ओसरतातही. नसेवरचा दोष म्हणजे शिरांची चुकलेली घडण. तिथे पेशी वाढत नाहीत आणि ती त्या गोळीने विरत नाही.

ऑपरेशनने चेहरा जातो, ही भीती मात्र उगाच नाही. रक्तवाहिन्या नसेच्या तंतूंमध्ये शिरल्या असतील तर तो तुकडा कापून काढावा लागतो आणि मानेतली किंवा पायातली स्पर्शाची नस जोडावी लागते. अशा जोडणीनंतर उत्तमात उत्तम निकाल म्हणजे सहा पायऱ्यांच्या हाउस-ब्रॅकमन मोजपट्टीवर (पहिली म्हणजे नॉर्मल चेहरा, सहावी म्हणजे पूर्ण लुळा) तिसरी पायरी. शांत बसल्यावर चेहरा सारखा दिसतो, जोर लावून डोळा मिटतो, पण कपाळ फारसं हलत नाही आणि हसताना डोळाही बारीक होतो. हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवं. पण लवकर पोचलं तर दोष बऱ्याचदा नसेच्या बाहेर, आवरणालगत असतो. कानाच्या वर कवटीत छोटी खिडकी करून, मेंदू हलकेच उचलून, सूक्ष्मदर्शकाखाली तो नसेवरून सोलून काढता येतो. नस अखंड राहते, ऐकण्याची शक्तीही वाचवता येते. चेहरा चांगला चालत असेल तर नुसतं लक्ष ठेवणं किंवा नसेभोवतीचं हाड मोकळं करणं हेही पर्याय आहेत. सगळं वेळेवर अवलंबून आहे. चेहरा वर्षभराहून जास्त लुळा राहिला की स्नायू सुकत जातात आणि मग नस कितीही सुबक जोडली तरी हलायला समोर स्नायूच उरत नाही. जिथे चेहरा कायमचा गेला, तिथे बऱ्याचदा ऑपरेशनपेक्षा त्याआधी काढलेली ‘कळ’च नडलेली असते.

राहिला करंट. त्याने नस लवकर भरून येते असा भक्कम पुरावा नाही, आणि हाडात दबलेली नस तर त्याने सुटणार नाहीच. आरशासमोर सावकाश केलेले चेहऱ्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, ते उपयोगी पडतात. त्याहून निकडीचा आहे डोळा. संदेशात त्याचा उल्लेखही नसतो. पापणी मिटत नसेल तर दिवसा दर दोन-तीन तासांनी डोळा ओला ठेवणारे थेंब घाला. रात्री मलम घालून पापणी हलकेच खाली ओढा आणि वरून कागदी चिकटपट्टी लावा. डोळा लाल झाला, दुखला किंवा धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बुबुळावर व्रण पडायला तीन-चार महिने लागत नाहीत.