‘लिंका तुटतात, एक्सेल टिकतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रिक्वायरमेंट्ससाठी, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते लिहून ठेवण्यासाठी, हायपरमीडिया (लिंकांनी जोडलेला मजकूर, आवाज, चित्रं) वापरण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. विकीतल्या लिंका सहा महिन्यांत तुटतात. क्लायंट लिंकांच्या गुंत्यात हरवतो आणि सहीसाठी त्याला शेवटी पीडीएफच लागते. एवढी यातायात करण्यापेक्षा एक्सेलमधली ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स (कोणती टेस्ट कोणती रिक्वायरमेंट तपासते ते फुल्यांनी दाखवणारा तक्ता) पुरते. पहिले दोन अगदी खरे आहेत आणि दोन्हींवर उपाय आहे. तिसरा मला मान्य नाही.

लिंका तुटतात त्या बहुतेक वेळा एकाच कारणाने: त्या मथळ्याला लावलेल्या असतात. अनेक विकींमध्ये मथळ्याच्या शब्दांवरूनच लिंकचा पत्ता तयार होतो. कुणी ‘जमा नोंद’चं ‘जमा रकमेची नोंद’ केलं की जुनी लिंक गेली. पानाला ते कळतही नाही, कारण वेबवरची लिंक एकतर्फी असते. १९६५ मध्ये ‘हायपरटेक्स्ट’ आणि ‘हायपरमीडिया’ हे शब्द देणाऱ्या टेड नेल्सन यांना दोन्ही टोकांकडून दिसणारी लिंक हवी होती. रिक्वायरमेंट्सच्या कामात तीच लागते.

म्हणून आधी तुकडे पाडायचे: एक रिक्वायरमेंट, एक नोड (लिंक लावता येईल असा स्वतंत्र तुकडा), एक कायमचा क्रमांक. क्रमांकात ३.२.१ असा प्रकरणाचा आकडा नको, कारण प्रकरणं पुढेमागे होतात. रद्द झालेल्या रिक्वायरमेंटचा क्रमांक दुसरीला कधीच द्यायचा नाही.

पतसंस्थेच्या पिग्मी एजंटसाठीचं अ‍ॅप घ्या. कागदावर वाक्य असतं: ‘नेटवर्क नसताना एजंटने नोंदवलेली रक्कम फोनमध्ये साठवावी आणि नेटवर्क आल्यावर १५ मिनिटांत सर्व्हरला पाठवावी.’ यातल्या ‘आणि’पाशी कात्री लावायची. साठवणं हा पिग-०४२, पाठवणं हा पिग-०४३. उद्या संचालक मंडळाने १५ मिनिटांची ५ केली तर फक्त ०४३ बदलते आणि तिला जोडलेल्या टेस्ट तेवढ्याच पुन्हा तपासाव्या लागतात. दोन्ही एकत्र ठेवलं असतं तर साठवणुकीच्या टेस्टही विनाकारण उघडाव्या लागल्या असत्या.

आता एक्सेल. १२० रिक्वायरमेंट्स आणि ३०० टेस्ट केस म्हणजे ३६,००० चौकटी. रिक्वायरमेंटमागे सरासरी तीन टेस्ट धरल्या तर त्यातल्या ३६० भरलेल्या, शंभरात एक. पण आकार ही खरी अडचण नाही, फिल्टर लावून काम भागतं. अडचण ही की चौकटीतली फुली शिळी झाली तरी फुलीच राहते. टेस्ट १५ मिनिटांच्या मजकुरावर लिहिली होती की ५ मिनिटांच्या, हे ती सांगू शकत नाही.

डूअर्ससारख्या रिक्वायरमेंट्स सांभाळायच्या टूलमध्ये अशी शिळी लिंक ‘संशयित’ म्हणून दिसते. डूअरस्टॉप हे मोफत टूल गिटमध्येच (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) चालतं: प्रत्येक रिक्वायरमेंटची वेगळी फाइल आणि लिंकसोबत वरच्या रिक्वायरमेंटच्या मजकुराचा ठसा. मजकूर बदलला की ठसा जुळत नाही, लिंक संशयित ठरते आणि कुणीतरी वाचून ती मोकळी करेपर्यंत तशीच राहते. माझ्या मते हायपरमीडियाचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. क्लिक करून उडी मारता येणं त्यापुढे किरकोळ.

इथेही एक गोष्ट हमखास बिघडते. शुद्धलेखनाची चूक सुधारली तरी डझनभर लिंका संशयित होतात, लोक वैतागतात आणि एका झटक्यात सगळ्या मोकळ्या करून टाकतात. त्यानंतर त्या खुणेला काही अर्थ उरत नाही. प्राधान्य, शेरा, जबाबदार व्यक्ती या रकान्यांतल्या बदलाने लिंक हलता कामा नये, फक्त मूळ वाक्यातल्या बदलाने हलावी. भाषेच्या दुरुस्त्या साठवून बेसलाइनच्या (त्या तारखेला गोठवलेल्या आवृत्तीच्या) आधी एकदमच कराव्यात.

लिंकांचे प्रकार चारच पुरतात: उगम, पूर्तता, पडताळणी, विरोध. ‘संबंधित’ असा पाचवा प्रकार ठेवलात की सगळे तोच निवडतात. लिंक खालून वर लावायची, म्हणजे टेस्टमधून रिक्वायरमेंटकडे. टेस्ट लिहिणाऱ्याला आपण काय तपासतोय ते माहीत असतं, आणि त्यासाठी रिक्वायरमेंटच्या फाइलला हात लावायची परवानगी लागत नाही. उलट दिशा टूल दाखवतं.

क्लायंट हरवण्याबद्दल: हायपरटेक्स्टचे अभ्यासक जेफ कॉन्क्लिन यांनी १९८७ मध्येच हायपरटेक्स्टच्या दोन मूळ अडचणी मांडल्या होत्या, वाचणाऱ्याचं दिशाभान सुटणं आणि लिंका सांभाळण्याचा डोक्यावरचा जादा भार. दुसऱ्यावर उपाय कमी लिंका. पहिल्यावर उपाय म्हणजे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचता येईल असा एक कणा ठेवायचा आणि लिंका समासात. क्लायंटने कणा वाचावा. पीडीएफ त्यातूनच काढायची, क्रमांक आणि तारखेसह, आणि सही तिच्यावरच घ्यायची. मात्र तिच्यातल्या लिंका त्या दिवशीच्या बेसलाइनकडे गेल्या पाहिजेत. त्या चालू पानाकडे गेल्या तर सही १५ मिनिटांवर आणि पडद्यावर ५, असा वाद ठरलेला.

‘मीडिया’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. एजंटच्या मुलाखतीचं ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं जोडलं तर ते कुणी ऐकत नाही. वेब पत्त्याच्या शेवटी सुरुवातीचा आणि शेवटचा सेकंद देण्याची पद्धत २०१२ पासून प्रमाणित आहे. ७५४ ते ७९०, एवढी ३६ सेकंदं उगम म्हणून ०४२ ला जोडा आणि खाली बोलणं लिहून काढा, म्हणजे शोधात सापडेल. एजंटची परवानगी आधी घ्या, खातेदाराचं नाव आलं तर तो भाग कापा.

चालू प्रोजेक्टमध्ये सगळंच हलवायला जाऊ नका. गेल्या दोन रिलीजमध्ये ज्यांच्यावर चेंज रिक्वेस्ट आल्या त्या २०–२५ रिक्वायरमेंट्स काढा, त्यांना क्रमांक द्या आणि फक्त पडताळणीच्या लिंका लावा. बाकीच्या तूर्त एक्सेलमध्येच राहू द्या.