बेल्ट दिला, पण हुक अडकवायचा कुठे?

काल परत एका साइटवर तेच ऐकलं, "साहेब आम्ही हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, बूट सगळं देतो हो, हे कामगारच घालत नाहीत." चौदा वर्षं झाली मला साइट इंजिनिअर म्हणून, पुणे, पिंपरी-चिंचवड, मधे दोन वर्षं ठाणे, आणि हे वाक्य ठेकेदाराकडून ऐकलंय, बिल्डरच्या माणसाकडून ऐकलंय, सुरुवातीला मी स्वतःपण बोललोय. आता ऐकलं की डोकं फिरतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातव्या मजल्यावर बाहेरून प्लास्टर चालू, परांचीवर एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. हेल्मेट आहे, बेल्ट आहे, रजिस्टरला सही पण आहे. जवळ जाऊन बघतो तर बेल्टचा हुक त्याने स्वतःच्याच कमरेच्या कडीत अडकवलेला. मी ओरडलो त्याच्यावर. तो शांतपणे म्हणाला, "साहब, लगाऊं कहां?" मी वर बघितलं, आजूबाजूला बघितलं. लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायला इमारतीला पक्का बांधलेला वेगळा दोर, नाहीच. अडकवायचा तर परांचीच्याच बांबूला, म्हणजे परांची गेली की हा पण गेला. काम थांबवलं, वरच्या कॉलमला दोर बांधून खाली सोडायला लावला, दोन तास गेले आणि त्या दोन तासांवरून संध्याकाळी मला फोनवर बोलणी बसली.

म्हणून सांगतो, बेल्ट-हेल्मेट ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. आधी स्लॅबच्या कडेला रेलिंग पाहिजे, डक्टवर, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उघड्या पोकळीवर, जाळी पाहिजे, लाइफलाइन पाहिजे आणि हे कामगार कुठून आणणार, हे मालकानेच करायचं असतं. बेल्टही बऱ्याच ठिकाणी अजून नुसता कमरेचा असतो, उंचावरून पडलं की सगळा झटका पोटाला आणि मणक्याला. खांद्या-मांड्यांवरून जाणारा फुल बॉडी हार्नेस महाग पडतो म्हणे!

आणि बायकांचं तर कुणी बोलतच नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वाळूचं घमेलं, आता त्या बाईने हेल्मेट घालायचं कुठे सांगा ना. तिला हेल्मेट घालायला लावायचं असेल तर आधी तिच्या डोक्यावरचं ओझं काढा, मिनी लिफ्ट लावा, ट्रॉली द्या. बूट दिले तर पुरुषांच्या मापाचे, मग ती चपलेवरच ओल्या काँक्रीटमध्ये उभी राहते आणि सिमेंट बोटांच्या बेचक्यातली कातडी खातं, रात्री खोबरेल लावून झोपतात त्या.

कायदा नाही असं नाही. बांधकाम कामगारांचा स्वतंत्र कायदा 1996 मध्येच आला होता, त्यासोबतच सेसचा म्हणजे उपकराचा कायदा आला, बांधकाम खर्चाच्या 1 टक्का सेस भरायचा, त्यातून कल्याणकारी मंडळ चालतं. मंडळ नोंदणी असलेल्या कामगारांना सुरक्षा संच देतं, आमच्याकडे त्याला पेटी म्हणतात. पण आता काही ठेकेदार म्हणतात, पेटी मिळाली ना, तीच घालून ये. अरे सेस भरला म्हणजे तुझी जबाबदारी संपली का? आणि नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, रोज नाक्यावर उभा राहणारा माणूस तो कुणाकडे मागणार? बुटाचे पैसे हजेरीतून कापणारेही बघितलेत मी. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या 1996 च्या कामगार कायद्याच्या जागी नवीन सुरक्षा संहिता लागू झालीये, सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूंचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत हे तिच्यात स्पष्ट आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये ठाण्यात बाळकुमला 40 मजली इमारतीची लिफ्ट कोसळून 7 कामगार गेले. जून 2019 मध्ये पुण्यात कोंढव्याला रात्री भिंत कामगारांच्या शेडवर पडली, लहान मुलं धरून 15 जण गेले. यात कुणाचं हेल्मेट घालायचं राहिलं होतं? लिफ्ट धड ठेवायची, लेबर कॅम्प कुठे बांधायचा, हे ठरवणारा माणूस घमेलं उचलणारा नसतो.

हल्ली मी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी स्वतः वर जाऊन हुक कुठे अडकणार ते बघतो, जागा नसेल तर माणूस वर पाठवत नाही, मग कितीही फोन येऊदेत. तुमच्यातले जे कुणी फ्लॅट बघायला जाताय त्यांना एकच विनंती, सॅम्पल फ्लॅटमधून बाहेर आलात की एकदा वर परांचीकडे बघा, त्या माणसाचा हुक कशाला लावलाय ते बघा, आणि बुकिंगची सही करायच्या आधी तिथल्या साहेबाला त्याबद्दल विचारा.