मनीऑर्डरीने शाळा उभ्या केल्या, हातचं काम शिकवायचं राहिलं

दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला, ही बातमी 2012 पासून दरवर्षी येते. मला तिचा खरंच अभिमान वाटतो. पण त्या निकालात गिरणगावचा, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांत राबलेल्या आपल्या माणसांचा घाम आहे, हे आताच्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी हायस्कुलांच्या पाटीवर संस्थेच्या नावापुढे अजून 'मुंबई' लिहिलेलं असतं. लालबाग-परळच्या एकेका खोलीत पंधरा-वीस चाकरमानी पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि पगार झाला की आपल्या गावच्या मुंबईतल्या मंडळाची वर्गणी बाजूला काढायचे. शाळांवर कौलं चढली ती त्या वर्गणीतून.

उरलेल्यातून घरी मनीऑर्डर. फॉर्मच्या खाली निरोपापुरती जागा असायची. आमच्या आजोबांचा निरोप ठरलेला: 'पोरांची फी आधी भर, मग वाण्याचे दे.' पोस्टमन वाचून दाखवायचा, आजी अंगठा उठवायची. पैसे तिच्या हातात येत, म्हणून माझी आत्या सातवीच्या पुढे शिकली. भावकीने नको म्हटलं होतं, आजीने ऐकलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यात आपली माणसं किती! मनीऑर्डरी आटल्या आणि पोरांच्या शाळा सुटल्या. एका पगारावर सगळ्या घराचं शिक्षण टांगलेलं असलं की असंच होतं.

आणि गावी परत आलेला साचेवाला, म्हणजे गिरणीत माग चालवणारा? वीस-वीस वर्षं साचा चालवून कमावलेलं कसब गावात कशावर वापरणार? गावात ना साचा, ना दुसरी गिरणी. मुंबईने पैसा पाठवला, हुन्नर पाठवला नाही. त्या पैशाने आम्ही शिकलो, तेही मुंबईची नोकरी धरण्यासाठी. मुंबई-पुण्याला गेलेली पोरं परतली नाहीत. आता त्याच गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा पटाअभावी बंद पडायला आल्यात. हापूसच्या बागा राखायला नेपाळी माणसं आहेत आणि ती इथून पैसे पाठवून तिकडे आपली मुलं शिकवताहेत. त्यांचं कौतुकच आहे, पण त्यांच्याही गावात उद्या आपल्यासारखंच होईल अशी धास्ती वाटते.

चाकरमान्यांनी पैसे पाठवले नसते तर आम्ही अडाणी राहिलो असतो, यात मला तिळमात्र शंका नाही. माझं म्हणणं आजच्या मंडळांना आहे. वर्गणी अजून जमते, बरीच जमते. देऊळ बांधा, सभामंडप बांधा, पण एक वर्ष तरी तो पैसा गावातल्या पोरापोरींना हातचं काम शिकवायला द्या. पंपाची मोटर भरणं, पॉवर टिलर नि ग्रासकटर दुरुस्त करणं, होडीचं इंजिन खोलणं, आमरसाचं कॅनिंग. आज साधा पंप जळला तरी तालुक्याच्या मिस्त्रीची आठवडाभर वाट बघावी लागते. तालुक्याच्या आयटीआयला जाणाऱ्याचा बसपास आणि जेवणाचा खर्च जरी मंडळाने उचलला तरी पुष्कळ झालं.

यंदा गणपतीत गावच्या सभेला मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या मंडळाने असं काही केलं असेल तर कमेंटमध्ये लिहा: किती खर्च आला, कोण शिकवायला आलं, आणि शिकलेल्यांपैकी किती जण गावात राहिले.