केंद्रकावरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

केंद्रक म्हणजे पेशीतला जनुकं सांभाळणारा भाग आणि पेशीचा कारभार त्याच्याच जोरावर चालतो, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नसतं, तरी ती 120 दिवस खुशाल जगते. मग त्या केंद्रकाचे एवढे गोडवे कशाला? हल्ली कुणीही उठतं आणि विज्ञान लिहितं." शिवाय लांबी, आकृती, भाषा यांवर चार शेरे.

आधी 'कुणीही उठतं'चं बघू. पुण्यात जीवशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मंडईतल्या कांद्याचा पापुद्रा आयोडीनमध्ये ठेवून मुलांना केंद्रक दाखवलंय, लिशमन या रंगद्रव्याने रंगवलेली रक्ताची स्लाइड दाखवलीय. तीन-चार पाळ्यांचं जांभळं केंद्रक असलेली एखादी न्यूट्रोफिल, म्हणजे एक प्रकारची पांढरी रक्तपेशी, आणि भोवती, मधोमध फिकट पडलेल्या तांबड्या पेशींची दाटी. त्यांच्यात केंद्रक नसतं हे मला कुणी सांगायला नको. शंका होती तर सरळ विचारायची, हिणवायचं कशाला?

आता 'खुशाल जगते'. ही पेशी अस्थिमज्जेत घडत असते तेव्हा तिच्यात केंद्रक असतंच. हिमोग्लोबिन या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांच्या एमआरएनए प्रती, म्हणजे प्रथिन बनवण्याच्या सूचनांच्या नकला, त्या केंद्रकातच निघतात आणि केंद्रकपटलाच्या छिद्रांतून बाहेर पेशीद्रव्यात येतात. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचे भागही केंद्रकातल्याच केंद्रकी या भागात जुळतात. हे सगळं झाल्यावर पेशी केंद्रक बाहेर टाकते. उरलेल्या एमआरएनएवर आणखी एक-दोन दिवस हिमोग्लोबिन बनतं, मग तेही थांबतं. पुढचं सगळं आयुष्य केंद्रकाने बांधून दिलेल्या शिदोरीवर. नवं प्रथिन नाही, विभाजन नाही, झिजलेलं विकर (एन्झाइम) बदलून मिळत नाही. शेवटी प्लीहेतल्या नि यकृतातल्या भक्षकपेशी तिला गिळतात. म्हणूनच शरीराला दर सेकंदाला सुमारे 20 लाख नव्या तांबड्या पेशी घडवाव्या लागतात, आणि त्यातली एकही केंद्रकावाचून घडत नाही.

1930च्या दशकात जीवशास्त्रज्ञ योआखिम हेमर्लिंग यांनी ॲसिटाबुलारिया या शैवालावर केलेले प्रयोग वाचा. काही सेंटिमीटर उंच, पण पेशी एकच, आणि केंद्रक बुडाशी. केंद्रकाविना कापून ठेवलेल्या देठाला टोकाशी एकदा छत्रीसारखा भाग येतो, तीच याची छत्री. ती छाटली की पुन्हा येत नाही. बुडाकडच्या तुकड्याला मात्र नवी फुटते. म्हणजे साठा होता तोवर चाललं. तुमचं उदाहरण माझंच म्हणणं सिद्ध करतं.

लेख लांबला, हे मान्य. आकृतीही मोठी हवी होती. भाषेवरच्या शेऱ्यांना उत्तर द्यायला मी बांधील नाही. रक्तपेशींचा परिच्छेद लेखाच्या शेवटी आहे. तिथवर तुम्ही पोचलाच नाहीत, हे उघड आहे. यापुढे आधी पूर्ण वाचा, मग लिहा.