दांडी कुठली घेऊ?

गोल्फमध्ये माझा स्विंग, म्हणजे काठी घुमवण्याचा वेग, फास्ट आहे हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं आणि पुढेही कळलं नसतं तरी काही बिघडलं नसतं.

झालं असं, रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, आमच्या ग्रुपमधल्या एकाने नवीन लाँच मॉनिटर आणला, म्हणजे बॉलच्या मागे जमिनीवर ठेवायचा एक डबा, आतून रडार सोडतो आणि आपली सगळी अब्रू आकड्यांत मांडतो. सगळे एकेक ड्राइव्ह, म्हणजे लांबचा फटका, मारत होते, ८८, ९१, ८६ असं चाललेलं. माझा नंबर आला, मी दात-ओठ खाऊन घुमवला आणि स्क्रीनवर आलं १०८. ताशी १०८ मैल! बॉल शेजारच्या जाळीत गेला पण तिकडे बघतंय कोण. पीजीए टूरवरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांतल्या, पोरांचं ॲव्हरेज ११५ च्या आसपास असतं, म्हणजे माझ्यात आणि टूरमध्ये फक्त सात मैलांचा फरक, आणि सात मैल तर माणूस चालत जातो हो.

"अरे १०८ ला तू रेग्युलर शाफ्ट वापरतोस? वेडा आहेस का?" मित्र म्हणाला, आणि संपलंच. त्या दिवसापासून मला माझ्या ड्रायव्हरकडे, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबकडे (गोल्फची काठी हो, गाडीवाला नव्हे), बघवेना.

शाफ्ट म्हणजे दांडी. मी घरात शाफ्ट म्हणतो, बायको दांडीच म्हणते, आणि तिचं बरोबर आहे कारण शेवटी ती ग्राफाइटची एक पोकळ दांडीच आहे. पण या दांडीवर एक अक्षर छापलेलं असतं आणि माणसाची लायकी त्या अक्षरावर ठरते. एल म्हणजे लेडीज (माझ्यापेक्षा लांब मारणाऱ्या कितीतरी बायका आहेत, पण शिक्का तोच), ए म्हणजे सीनियर, आर रेग्युलर, एस स्टिफ म्हणजे कडक, एक्स एक्स्ट्रा स्टिफ आणि त्याच्याही वर टीएक्स, टूर एक्स्ट्रा स्टिफ. शाळेत ए मिळावा म्हणून मरमर केली आणि इथे ए म्हणजे "काका, गुडघे कसे आहेत?"

ढोबळ हिशोब सगळ्यांना पाठ असतो. ८५ ते ९५ ला रेग्युलर, ९५ ते १०५ ला स्टिफ, त्याच्या वर एक्स. माझे १०८, म्हणजे एक्स तर हक्काचाच. पण मी म्हणलं आत्ताच १०८ आहे, उद्या जिम लावली तर? म्हणून थेट टीएक्स घेतला. सत्तर ग्रॅमच्या वरचा, काळाकुट्ट, टॉर्क, म्हणजे पीळ, तीन अंशांपेक्षा कमी. लहान मुलाला बूट घेताना वाढत्या मापाचे घेतात ना, तसा मी स्वतःला वाढत्या मापाचा शाफ्ट घेतला.

पहिला बॉल मारला आणि हाताला असं वाटलं की कोणीतरी लोखंडी कांब दिलीय आणि समोर दगड ठेवलाय. बॉल उडालाच नाही. गवताला घासत उजवीकडे निघाला आणि झाडीत जाऊन बसला. दुसरा, तिसरा, दहावा, सगळे त्याच झाडीत, जणू तिथे त्यांचं संमेलन होतं. मी वाऱ्याला दोष दिला, टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, लहान आहे म्हणालो, ग्लोव्ह बदलला, एकदा तर बॉल बदलला. फक्त त्या काळ्या दांडीवर संशय घ्यायची हिंमत होईना, कारण त्यावर टीएक्स लिहिलं होतं आणि ते अक्षर मित्रांना दिसेल अशा बेताने मी बॅग उभी करायचो.

मग रात्री जागून अभ्यास सुरू झाला आणि तिथे खरी वाट लागली. पहिलंच ज्ञान मिळालं की ही जी एस आणि एक्स अक्षरं आहेत त्यांचं कुठलंही ठरलेलं माप नाही, एका कंपनीचा स्टिफ म्हणजे दुसरीचा रेग्युलर असू शकतो. खरं मोजायचं तर दांडी मशीनमध्ये पकडून तिचं टोक झटका देऊन सोडायचं आणि ती मिनिटाला किती वेळा थरथरते ते बघायचं, त्याला सीपीएम म्हणतात. पुढे वजन, चाळीस ग्रॅमपासून ऐंशीपर्यंत. पुढे टॉर्क, म्हणजे दांडी स्वतःभोवती किती अंश पिळली जाते. पुढे किक पॉइंट, म्हणजे ती कुठे वाकते. पुढे टिपिंग, म्हणजे टोकाकडून अर्धा-एक इंच कापला की ती अजून कडक होते. आणि रंग! फुजिकुरा कंपनीच्या व्हेंटस शाफ्टमध्ये लाल म्हणजे बॉल उंच, निळा मध्यम, काळा खालून जाणार, हे मी पाठ केलं आणि खुश झालो, तर मित्सुबिशीच्या टेन्सेई शाफ्टमध्ये खालून जाणारा निघाला पांढरा. वर कुठेतरी हेही वाचलं की ड्रायव्हरबरोबर जो शाफ्ट फुकट येतो त्याचं रंगकाम कधीकधी महागड्या शाफ्टसारखंच असतं पण आतला माल वेगळा. म्हणजे रंगावर जायचं नाही, अक्षरावर जायचं नाही, मग माणसाने जायचं तरी कशावर?

पूर्वीचे लोक सुखी होते बघा. हिकरीच्या लाकडाची दांडी, वाकली तर वाकली, मोडली तर मोडली. १९२९ ला आर अँड ए ने, म्हणजे गोल्फचे नियम करणाऱ्या संस्थेने, स्टीलला परवानगी दिली, सत्तरच्या दशकात ग्राफाइट आलं आणि तेव्हापासून लोकांची झोप उडाली. बरं हा सगळा खटाटोप कशासाठी, तर बॉल आणि क्लबची गाठ पडते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. लग्नाच्या फोटोत सुद्धा यापेक्षा जास्त वेळ एकमेकांकडे बघतात.

शेवटी ऑफिसला दांडी मारून दांडी बघायला फिटरकडे, म्हणजे मोजमाप करून क्लब बसवून देणाऱ्याकडे, गेलो. त्याने आधी माझा टीएक्स हातात घेतला, फिरवून बघितला, आणि "हं" एवढंच म्हणाला. डॉक्टर जसा जुना रिपोर्ट बघून हं म्हणतो तसा. मी लगेच सांगून टाकलं की माझा स्पीड १०८ आहे. तो म्हणाला, "मारा सर." पंधरा बॉल मारले. ॲव्हरेज आलं १०२.

"१०८ कधी आला होता?"

"एकदा आला होता."

"तोल गेला होता का सर तेव्हा?"

गेला होता. पण हे त्याला सांगायची गरज वाटली नाही.

मग त्याने सहा दांड्या काढल्या, सगळ्यांच्या अक्षरांवर टेप लावली आणि म्हणाला, आता मारा, आणि कुठली आवडली ते सांगा. टेप लावल्यावर माणूस एकदम नागडा होतो. आता आवडायला नुसता हातच राहिला. चौथी दांडी हातात आली आणि पहिल्याच बॉलला वाटलं, अगं बाई, ही कुठे होती इतके दिवस! क्लबचं डोकं कुठे आहे ते वरून खाली येताना कळत होतं. माझ्या टीएक्सने बॉल निघायचा आठ अंशांत, स्पिन, म्हणजे मिनिटाला गिरक्या, १७०० आणि पडायचा दोनशे यार्डांच्या आसपास. हिने तेरा अंश, स्पिन २४०० आणि कॅरी, म्हणजे हवेतलं अंतर, दोनशे चाळीस. स्पीड तोच, १०२. फक्त आता बॉल फेसच्या, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या, मध्यावर लागत होता. फिटरने समजावलं की नुसता स्पीड बघून चालत नाही, वरून खाली येताना तुम्ही हिसका देता की सावकाश येता त्यावर बरंच असतं, आणि माझा हिसका म्हणे काही खास नाही. चाळीस यार्डांच्या बदल्यात हा अपमान मी गिळला.

मी टेप काढली. साठ ग्रॅम. एस.

साधा एस! मी विचारलं की अक्षर खालच्या बाजूला फिरवून बसवता येईल का, तर तो म्हणाला येईल, पण मग नंतर लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरकेपणा, बदलायला ॲडॉप्टर, म्हणजे दांडी डोक्याला जोडणारा तुकडा, फिरवलात की दांडी पण फिरते आणि अक्षर पुन्हा वर येतं. म्हणजे लॉफ्ट वाढवायचा तर इज्जत काढावी लागणार. मी म्हणलं लॉफ्ट आहे तो राहू दे. मग त्याने मागच्या टोकाकडून अर्धा इंच कापून पण टाकला, आखूड असली की मध्यावर लागायला सोपी जाते म्हणे.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पैसे दिले अख्ख्या दांडीचे आणि आणलीत कापून?" याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

आता तो टीएक्स विकायचा होता. मी प्रामाणिकपणे जाहिरातीत लिहिलं, फक्त अतिशय फास्ट स्विंगवाल्यांसाठी, इतरांनी कृपया संपर्क करू नये. तासाभरात सहा फोन. संध्याकाळी एक गृहस्थ आले, साठीच्या घरातले, दांडी हातात घेतली, डोळे मिटून एकदा हवेत घुमवली. मला राहवेना, म्हणलं, "काका, स्पीड किती हो तुमचा?"

"सध्या नव्वद," ते अक्षरावरून अंगठा फिरवत म्हणाले, "पण वाढतोय."

मी गुपचूप दांडी पेपरात गुंडाळून दिली.